सिग्नलचे दिवे आहेत. अभियंते कोठे आहेत?

पुण्याच्या अलका चौकात एखाद्या कामाच्या दिवशी सायंकाळी सहाच्या सुमारास पंधरा मिनिटे नुसते उभे राहावे. कागदोपत्री हा टिळक चौक. लक्ष्मी रस्ता, टिळक रस्ता, केळकर रस्ता, शास्त्री रस्ता आणि लकडी पुलाकडची वाट अशा पाच दिशांचा येथे मेळ बसतो, निदान तो बसावा अशी अपेक्षा आहे. शेजारच्या दिशेचा दिवा लाल होतो न होतो तोच पुढच्या रांगेतील दुचाक्या सरकू लागतात. त्या क्षणी आधीच्या दिशेची शेवटची बस चौकाच्या मध्यावरच असते. आणि या दोहोंच्या मध्ये, झेब्रा पट्ट्यांवर चढून उभ्या राहिलेल्या रिक्षांना वळसा घालीत, हातातली पिशवी सावरणारी एखादी वृद्धा रस्ता ओलांडीत असते. बहुतेक वेळा काही होत नाही. बस कचकन थांबते, दुचाकीस्वार पाय टेकतो, वृद्धा उरलेले अंतर धावत कापते. ‘काही होत नाही’ हेच आपल्या नागरी वाहतुकीचे आजवरचे नियोजन आहे, असे म्हटल्यास ते फारसे अन्यायाचे ठरू नये. ज्या चौकात अनंत चतुर्दशीला मंडळांच्या क्रमावरून दरवर्षी खल होतो, त्याच चौकातील पादचाऱ्याच्या क्रमाविषयी वर्षभर कोणी चकार शब्द काढीत नाही.

आणि कधी कधी काहीतरी होतेच. अलीकडच्या वर्षांत पुणे शहरात रस्त्यांवरील अपघातांत दरवर्षी तीनशेहून अधिक माणसे प्राणास मुकली आहेत. देशाचा २०२२ सालचा अधिकृत आकडा १,६८,४९१ मृत्यूंचा आहे. त्यांत दुचाकीवरील माणसे ७४,८९७ आणि पायी चालणारी ३२,८२५. म्हणजे मरणाऱ्यांपैकी जवळजवळ दोन-तृतीयांश लोकांभोवती पत्र्याचा पातळसा पडदाही नव्हता. हे सर्व मृत्यू सिग्नलच्या चौकांत झाले असे अर्थातच नाही. बरेचसे महामार्गांवर, बरेचसे रात्रीच्या अंधारात झाले. परंतु सिग्नलचा चौक ही एक वेगळी जागा आहे. इतर रस्त्यांवर नगरपालिका वा महापालिका डांबर टाकून मोकळी होते. सिग्नलच्या चौकात मात्र ती प्रत्यक्ष आज्ञा देते. तू थांब, तू जा, तुला वीस सेकंद, तुला सत्तर. ज्याने आज्ञा दिली त्याने तिच्या परिणामाचीही जबाबदारी घ्यावयास हवी. ही आज्ञा आपल्या शहरांत नेमके कोण देतो, त्याला ती देण्याचे शिक्षण कोणते, आणि ती चुकली तर विचारणा कोणाकडे करावयाची, या प्रश्नांना आज सरळ उत्तर मिळत नाही. माझ्या मते चौकांतील सुरक्षिततेचा प्रश्न प्रथम या नेमणुकीचा प्रश्न आहे. यंत्रांचा, दंडाचा आणि उड्डाणपुलांचा प्रश्न त्यानंतरचा.

बेशिस्तीचे सोपे उत्तर

हा विषय काढला की दहापैकी नऊ सुशिक्षित माणसे एकच उत्तर देतात: लोकांना शिस्त नाही. उत्तर खोटे नाही. ते फक्त अपुरे आहे, आणि सोयीचे आहे. केंद्र शासनाच्या वार्षिक अहवालात वाहतूक-नियमभंगानुसार मृत्यूंचे कोष्टक असते आणि त्यांत सत्तर टक्क्यांच्या आसपास मृत्यू अतिवेगाच्या नावावर मांडलेले असतात. त्या कोष्टकात दारूसाठी रकाना आहे, चुकीच्या बाजूने वाहन चालविण्यासाठी आहे, भ्रमणध्वनीसाठी आहे. अपुऱ्या पिवळ्या दिव्यासाठी रकाना नाही. जे मोजण्याची सोयच नाही ते कारणांच्या यादीत येणार कोठून?

पिवळ्या दिव्याचाच हिशेब वाचकांनी क्षणभर करून पाहावा. त्याला शालेय गणिताहून अधिक काही लागत नाही. ताशी ५० किलोमीटर वेगाने येणारे वाहन एका सेकंदात सुमारे १४ मीटर जाते. दिवा पिवळा झाला हे ध्यानात येऊन पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद धरला आणि त्यानंतर बेताच्या जोराने ब्रेक लावला, तर वाहन थांबेपर्यंत एकूण ४६ मीटर अंतर जाते. आता पिवळा दिवा दोनच सेकंद असेल तर त्या अवधीत तेच वाहन वेग न घटविता अवघे २८ मीटर जाऊ शकते. म्हणजे दिवा पिवळा होताना जो मनुष्य थांबरेषेपासून २८ ते ४६ मीटरच्या पट्ट्यात आहे, त्याला वेळेत थांबताही येत नाही आणि लाल होण्यापूर्वी रेषा गाठताही येत नाही. तो कितीही सज्जन असो, या अठरा मीटरांत त्याने काय करावे? एक तर त्याने जोरात ब्रेक दाबून मागच्याला अंगावर घ्यावे, नाहीतर कायदा मोडावा. पिवळा दिवा सव्वातीन सेकंदांच्या थोडा वर नेला की हा पट्टा नाहीसा होतो. सव्वा सेकंदाचा फरक! पण तो कोठे हवा आणि कोठे नको, हे त्या रस्त्यावरील प्रत्यक्ष वेग मोजल्याखेरीज कळत नाही, आणि वेग मोजणे हे कोणाचे तरी नेमून दिलेले काम असावे लागते.

तीच गोष्ट ‘सर्व बाजूंना लाल’ या अवधीची. बारा मीटर लांबीची बस तीस मीटर रुंदीचा चौक ताशी वीस किलोमीटर वेगाने पार करावयाची म्हटले तर तिला साडेसात सेकंद लागतात. एका दिशेचा दिवा लाल होताच दुसऱ्या दिशेचा हिरवा केला, तर त्या बसचा मागचा भाग दुसऱ्या दिशेच्या दुचाकीस्वारांच्या वाटेत राहणार, हे भूमितीने ठरलेले आहे. त्यांत संस्काराचा संबंध कमी.

पादचाऱ्याचे गणित आणखी करुण आहे. चालण्याचा वेग सेकंदाला १.२ मीटर धरण्याची वहिवाट आहे. त्या हिशेबाने चोवीस मीटरचा रस्ता ओलांडावयास वीस सेकंद लागतात. परंतु गुडघे दुखणारा सत्तरीचा मनुष्य सेकंदाला ०.८ मीटरच चालत असेल तर त्याला तीस लागतील. आपण त्याला पंधरा सेकंद दिले तर तो बरोबर रस्त्याच्या मध्यावर, बारा मीटरांवर पोहोचलेला असतो आणि दोन्ही बाजूंची वाहने सुटतात. तेथे दुभाजकाला खंड पाडून उभे राहण्यापुरती उंच, सुरक्षित जागा केलेली असेल तर तो थांबेल. नसेल तर तो धावेल, आणि धावताना पडला तर दुसऱ्या दिवशी ‘रस्ता ओलांडताना वृद्धाचा मृत्यू’ असे दोन ओळींत छापून येईल. त्या बातमीत पंधरा सेकंदांचा उल्लेख येत नाही.

बेशिस्त हे कारण मानले तरी एक गोष्ट उरतेच. जो सिग्नल माणसाला तीन मिनिटे निष्कारण उभा करतो, समोरचा रस्ता रिकामा असताना लाल राहतो आणि पायी चालणाऱ्याला पाळीच देत नाही, तो सिग्नल लोकांना बेशिस्त शिकवितो. कायद्याचा मान ज्या ठिकाणी रोज शंभरदा कमी होतो असे आपल्या नागरी जीवनातील हे बहुधा सर्वांत सार्वजनिक ठिकाण असावे.

रेल्वेचा सिग्नल आणि रस्त्याचा सिग्नल

रस्त्यावरचा पहिला सिग्नल १८६८ साली लंडनच्या पार्लमेंटजवळ उभा राहिला. तो उभारणारा जे. पी. नाइट हा रेल्वेचा सिग्नल अभियंता होता. गॅसच्या दिव्याचा तो खांब १८६९ च्या जानेवारीत स्फोटाने उडाला आणि तो चालविणारा पोलीस भाजला. पहिल्या अपघाताची झळ बिचाऱ्या पोलिसालाच लागली, आणि ही परंपरा आपण आजही निष्ठेने चालवीत आहोत, असे विनोदाने म्हणता येईल.

पण मुद्दा विनोदाचा नाही. सिग्नलची कल्पना रस्त्याने रेल्वेकडून उसनी घेतली. तिच्यामागची व्यवस्था मात्र घेतली नाही. भारतीय रेल्वेत सिग्नल आणि दूरसंचाराचा स्वतंत्र विभाग आहे, त्याचे स्वतंत्र अभियंते आहेत, त्यांच्या बढतीची स्वतंत्र शिडी आहे. एखादी गाडी लाल सिग्नल ओलांडून गेली, तर कोणाला खरचटलेही नसताना तिची चौकशी होते. गंभीर अपघात झाला तर रेल्वे सुरक्षा आयुक्त चौकशी करतात, आणि हे आयुक्त रेल्वे मंत्रालयाच्या हाताखाली नसून नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या कक्षेत आहेत. हेतू हा की ज्याने गाडी चालविली त्यानेच निवाडा करू नये. कल्याणहून रोज लोकलने कचेरीला जाणारा कारकून रुळांवर असेतो या सर्व व्यवस्थेच्या छत्राखाली असतो. स्थानकाबाहेर पडून पहिल्या चौकात पाऊल ठेवताच ते छत्र संपते.

रस्त्याच्या सिग्नलचे कामकाज कसे चालते? पुण्यापुरते सांगावयाचे तर खांब, तारा आणि दिवे यांची निगा महापालिकेच्या विद्युत विभागाकडे. रस्त्याचा पृष्ठभाग, दुभाजक आणि पदपथ पथ विभागाकडे. रोजचे नियंत्रण वाहतूक पोलिसांकडे, आणि पोलीस राज्याच्या गृह खात्याकडे. या प्रत्येक ठिकाणी कष्टाळू माणसे आहेत, याविषयी मला शंका नाही. भर पावसात चौकात उभ्या राहणाऱ्या शिपायाविषयी तर माझ्या मनात आदरच आहे. परंतु चौक म्हणजे या सर्वांचा मिळून एकच पदार्थ असतो. वळणाची गोलाई, थांबरेषेचे अंतर, टप्प्यांचा क्रम आणि प्रत्येक टप्प्याची सेकंदे ही एकमेकांवर अवलंबून असतात. दिव्याची काळजी करणारा वीजतंत्रज्ञ वळणाची गोलाई बदलू शकत नाही. फरसबंदी करणारा स्थापत्य अभियंता सेकंदे बदलू शकत नाही. आणि पोलीस अधिकाऱ्याला या दोहोंचे शिक्षण दिलेले नसते, शिवाय दोन-तीन वर्षांत त्याची बदली होते. तो जाताना त्याच्याबरोबर त्या चौकाविषयीचे त्याचे सारे ज्ञानही जाते. कारकुनाच्या नोकरीचे सेवापुस्तक असते, त्यांत त्याची रजा, वेतनवाढ आणि ठपका सारे लिहिलेले असते. चौकाचे सेवापुस्तक कोणी पाहिले आहे काय? कोणत्या तारखेला कोणत्या दिशेची वेळ किती सेकंदांनी बदलली, कोणाच्या सांगण्यावरून, आणि पुढे काय झाले, ही नोंद चौकाचौकाची असावयास हवी.

मुंबई महापालिकेत रस्ते व वाहतूक असे खाते आहे आणि त्यात वाहतुकीसाठी उपप्रमुख अभियंत्याचे पद आहे. म्हणजे कल्पना परकी नाही. प्रश्न संख्येचा, अधिकाराचा आणि मुंबईबाहेरच्या शहरांचा आहे. पुण्यात वाहतूक नियोजक म्हणून अधिकारी काम करीत आले आहेत. परंतु साऱ्या शहराच्या आराखड्यापासून मेट्रोच्या वळवणुकीपर्यंत सर्व काही ज्यांच्या टेबलावर येते, त्यांनी अमुक चौकात सायंकाळी उभे राहून पादचारी मोजावेत ही अपेक्षा निर्दय आहे. ज्या शहरात धनंजयराव गाडगीळांनी घरोघर फिरून माहिती गोळा करविली आणि १९४५ व १९५२ मध्ये पुण्याची सामाजिक-आर्थिक पाहणी दोन भागांत सिद्ध केली, त्या शहराला आपल्या चौकांतून किती माणसे पायी जातात हे मोजणे जड जावे, याचे अर्थशास्त्राचा एक शिक्षक म्हणून मला वाईट वाटते.

पगार हा बोजा, पूल ही मालमत्ता

आता माझ्या विषयाकडे येतो. सर्वांना दिसणारी ही उणीव इतकी वर्षे भरली का जात नाही? याचे उत्तर माणसांच्या नाकर्तेपणात शोधण्यापेक्षा हिशेबाच्या वह्यांत शोधणे अधिक फलदायी आहे.

महापालिकेच्या अंदाजपत्रकाचे दोन भाग असतात, महसुली आणि भांडवली. अभियंत्याचा पगार महसुली खर्चात, त्यातही ‘आस्थापना’ या बदनाम शीर्षाखाली जातो. आस्थापना खर्च उत्पन्नाच्या ३५ टक्क्यांपलीकडे जाऊ नये, असा राज्य शासनाचा दंडक आहे. नवे पद निर्माण करावयाचे तर आकृतिबंधात बदल हवा, त्यास नगरविकास खात्याची मंजुरी हवी, सेवाप्रवेशाचे नियम हवेत. याउलट उड्डाणपूल हा भांडवली खर्च. तो मालमत्ता म्हणून वहीत चढतो, त्याचे भूमिपूजन होते, उद्घाटन होते, त्यावर नामफलक लागतो. मर्यादेमागचा हेतू वाईट नाही. नोकरभरतीच्या राजकारणाला आळा बसावा म्हणूनच ती आली. परंतु या आळ्यात गवताबरोबर पीकही उपटले जाते. परिणामी शहराला शेकडो कोटींचा पूल घेणे सोपे आणि दहा माणसे नेमणे अवघड, अशी विपरीत स्थिती उत्पन्न होते.

मालमत्ता म्हणून नोंदलेल्या वस्तूंचे पुढे काय होते हेही पुणेकरांनी पाहिले आहे. विद्यापीठ चौकातील उड्डाणपूल सुमारे दीड दशकात, २०२० च्या जुलैत, मेट्रोच्या मार्गाआड येतात म्हणून पाडण्यात आले आणि त्यांच्या जागी दुमजली पूल उभारण्याचे काम निघाले. नळ स्टॉपचा पूल २०२२ मध्ये खुला झाल्यावर चौकातील कोंडी पुलाच्या दोन टोकांना जाऊन बसल्याची तक्रार काही दिवसांतच सुरू झाली. वाहन पुलावरून गेले तरी माणूस खालीच चालतो, ही साधी गोष्ट पुलांच्या चर्चेत नेहमी मागे पडते.

खर्चाची तुलना करून पाहू. पुढील आकडे हिशेबापुरते मानलेले आहेत, हे आधीच सांगतो. शहरात अडीचशे सिग्नल आहेत आणि एका अभियंत्याकडे पंचवीस चौक दिले असे धरू. दहा अभियंते लागतील. प्रत्येकी वर्षाला पंधरा लाख रुपये धरले तर दीड कोटी; मोजणीची साधने, मदतनीस, रंग, खांब आणि किरकोळ बांधकाम यांसाठी तितकेच आणखी. एकूण तीन कोटी. आता दुसरी बाजू. अपघातात मरण पावलेल्याच्या कुटुंबास भरपाई किती द्यावी याचे सूत्र सर्वोच्च न्यायालयाने २००९ च्या सरला वर्मा आणि २०१७ च्या प्रणय सेठी या निकालांत घालून दिले आहे. महिना वीस हजार रुपये मिळविणारा, कायम नोकरी नसलेला, चार माणसांचा पोशिंदा असा तीस वर्षांचा तरुण घेऊ. भावी वाढीसाठी ४० टक्के मिळविले की अठ्ठावीस हजार. स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा केला की एकवीस हजार. वर्षाचे दोन लाख बावन्न हजार. त्यास त्या वयाचा गुणक सतरा. आकडा येतो ४२ लाख ८४ हजार. म्हणजे तीन कोटी रुपये हे न्यायालयाच्या मोजमापाने अशा सात माणसांचे मोल झाले. तीनशेहून अधिकांपैकी सात वाचले तरी हा खर्च फिटतो. आणि यांत जायबंदी झालेल्यांचा औषधोपचार, मोडलेल्या शिक्षणाचा तोटा, किंवा न्यायालयाच्या सूत्रात न मावणारे दुःख धरलेलेच नाही. माझ्या वर्गात हे उदाहरण फळ्यावर मांडले असता मागच्या बाकावरून एका विद्यार्थिनीने विचारले होते, “सर, पण ती भरपाई महापालिका देते का?” प्रश्न मर्मावर बोट ठेवणारा होता. भरपाई विमा कंपनी देते, दवाखान्याचा खर्च कुटुंब सोसते, आणि सव्वा सेकंद वाचविणाऱ्या संस्थेच्या वहीत त्याची नोंदही होत नाही. ज्याच्या निर्णयाचा तोटा दुसऱ्याच्या माथी पडतो तो निर्णय सुधारण्याची घाई करीत नाही, हा आमच्या शास्त्रातील जुनाच धडा आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली घातलेल्या १९८ अ या कलमाने रस्त्याच्या सदोष रचनेबद्दल संबंधित यंत्रणेस आणि ठेकेदारास दंडाची तरतूद केली खरी. पण तो जास्तीत जास्त एक लाख रुपये. एवढ्याने वहीचा तोल ढळत नाही.

यंत्र, सल्लागार आणि अभियंता

येथे दोन आक्षेप येतात. पहिला असा की आता यंत्रेच सर्व करतात. पुण्यात स्मार्ट सिटी योजनेतून सुमारे सव्वाशे चौकांत वाहनांच्या गर्दीनुसार वेळ आपोआप बदलणारी यंत्रणा बसविली गेली. यंत्राला मी विरोध करीत नाही. परंतु यंत्र तेच कमी करते जे कमी करावयास त्याला सांगितलेले असते. त्याला वाहनांचा खोळंबा मोजावयास सांगितले तर ते वाहनांचा खोळंबा कमी करील, आणि कडेला ताटकळलेल्या वीस पादचाऱ्यांची सेकंदे त्याच्या लेखी शून्यच राहतील. कोणाचा वेळ मोजावयाचा हा निर्णय यंत्र घेत नाही. तो माणसाने घ्यावयाचा असतो आणि त्याखाली सही करावयाची असते.

शिवाय हा निर्णय सोपा नसतो. सिग्नलच्या एका आवर्तनाचा योग्य कालावधी काढण्याचे प्रसिद्ध सूत्र एफ. व्ही. वेबस्टर यांनी १९५८ साली मांडले. त्यानुसार सत्तर टक्के भरलेल्या चौकात प्रत्येक आवर्तनात बारा सेकंद ‘वाया’ जात असतील तर आवर्तन ७७ सेकंदांचे बसते. सुरक्षिततेसाठी ती बाराची वीस सेकंदे केली तर ते ११७ सेकंदांवर जाते. म्हणजे पादचाऱ्याच्या भल्यासाठी वाढविलेली आठ सेकंदे त्यालाच चाळीस सेकंदे अधिक ताटकळत ठेवतात, आणि ताटकळलेला माणूस लाल दिव्यातच पाऊल टाकतो. मग उपाय काय? टप्पे कमी करणे, एखादे उजवे वळण पुढच्या चौकावर नेणे, कोपरे आवळून चौकाची रुंदी घटविणे, मध्ये थांबण्याची जागा करणे. कोणता उपाय कोठे, हे चौकागणिक वेगळे. आणि सूत्र मोटारींच्या शिस्तबद्ध रांगा गृहीत धरून केलेले. आपल्याकडे मोटारींच्या फटींतून दुचाक्या झिरपत पुढे येतात. इंडियन रोड्स काँग्रेसची सिग्नलविषयक मार्गदर्शिका १९८५ पासून उपलब्ध आहे, पण मार्गदर्शिका स्वतः चौकात जाऊन उभी राहत नाही.

दुसरा आक्षेप असा की सल्लागार नेमता येतात. येतात, आणि मोठ्या एकदाच्या कामासाठी नेमावेतही. परंतु सल्लागाराचे शुल्क बहुधा प्रकल्पाच्या खर्चाच्या टक्केवारीने ठरते. रंगाचे चार पट्टे आणि सहा सेकंदांचा फेरफार सुचवून त्याच्या हाती काय लागणार? तो अहवाल देतो, देयक घेतो आणि जातो. चौक मात्र तेथेच राहतो, आणि शेजारी नवी शाळा निघाली, मंडई हलली, एकेरी मार्ग बदलला की वर्षभरात अहवाल जुना होतो. सिग्नलची वेळ हे एकदा उरकावयाचे बांधकाम नव्हे. घड्याळाला किल्ली द्यावी तसे ते वारंवार करावयाचे काम आहे.

एवढ्याने खरोखर फरक पडतो काय, अशी शंका रास्त आहे. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडमध्ये काही चौकांतील पिवळ्या आणि सर्व-लाल अवधींची सेकंदे सूत्रानुसार सुधारली आणि तशाच इतर चौकांशी तुलना केली. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात पादचारी आणि सायकलस्वारांचे अपघात ३७ टक्क्यांनी कमी झाल्याचे दिसले. तेथील रस्ते आपले नव्हेत. तोच आकडा येथे मिळेल असे मी म्हणणार नाही. येथे किती मिळेल हे येथेच मोजावे लागेल. मुंबईत मालाडच्या मिठचौकीवर २०१९ मध्ये आधी नुसते शंकू आणि अडथळे मांडून चौकाची नवी रचना अजमावून पाहण्यात आली, हे योग्य पद्धतीचे जवळचे उदाहरण. द्रुतगती मार्गावरही २०१६ साली १५१ मृत्यू झाले होते. त्यानंतर तेथे कठड्यांपासून दंडापर्यंत स्थळनिहाय उपाय हाती घेतल्यावर २०२० पर्यंत ही संख्या निम्म्याखाली आली. २०२० च्या टाळेबंदीचा वाटा त्यात धरावयास हवा. पण उतार त्याआधीच लागला होता.

माणसे मिळतील काय? शिवाजीनगरचे अभियांत्रिकी महाविद्यालय, जे २०२२ पासून विद्यापीठ झाले आहे, याच शहरात आहे. केंद्रीय मार्ग परिवहन संस्था १९६७ पासून भोसरीला आहे. अपघातांची स्थळवार नोंद करणारा केंद्राचा संगणकीय माहितीकोश २०२१ पासून चालू झाला आणि पहिल्या राज्यांत महाराष्ट्र होता. माहिती जमते आहे, शिकलेली मुले बाहेर पडताहेत. ती वाचावयास त्यांना बसविण्याची खुर्ची तेवढी नाही. खुर्ची करताना दोन पथ्ये मात्र पाळावी लागतील. हा अभियंता आज जलनिःसारणात आणि उद्या बांधकाम परवान्यात असा फिरता नसावा. त्याचा संवर्ग वेगळा असावा आणि त्यातच त्याला बढती असावी, नाहीतर चांगला माणूस तीन वर्षांत खासगी कंपनीत जाईल. आणि या दहा-वीस पदांपुरती आस्थापना खर्चाची मर्यादा शासनाने शिथिल करावी.

दुसरे पथ्य अधिक अवघड आहे. नेमणुका झाल्यानंतर सहा महिन्यांतच कोणीतरी वजनदार गृहस्थ दूरध्वनी करील की आमच्या रस्त्यावरची रांग फार लांबते, पादचाऱ्यांची दहा सेकंदे कमी करा. त्या वेळी नकार देण्याचा आणि तो चौकाच्या नोंदवहीत कारणासह लिहून ठेवण्याचा अधिकार त्या अभियंत्याला सेवानियमांनीच दिलेला असावा, आणि वरिष्ठाला तो फिरवावयाचा झाल्यास त्याने आपला आदेश त्याच पानावर, स्वतःच्या सहीने, त्याखाली लिहावा.